साधं सलाईन

सकाळी पावणेसातला कॅथलॅबचं कुलूप काढायचं, दिवे लावायचे, एसी सुरू करायचा आणि हात धुऊन दिवसाची पहिली सलाईनची पिशवी टांगायची, हा शालन मगदूमचा सव्वीस वर्षांचा क्रम होता. मिरजेच्या त्या हृदयरोग रुग्णालयात एवढ्या काळात तीन मुख्य डॉक्टर बदलले, इमारतीवर दोन मजले चढले, एक्स-रेच्या फिल्म जाऊन सगळं पडद्यावर आलं. पिशवी टांगायचं काम मात्र शालनने दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. टांगण्याआधी ती पिशवीच्या रबरी बुचात सुई खुपसायची आणि मोजून हेपरिन आत सोडायची. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. मग पिशवी दोनदा उलटीपालटी करायची आणि स्टँडच्या आकड्याला लावायची.

हे तिला इनामदार सरांनी शिकवलं होतं. सर तिथले पहिले टेक्निशियन. शालनला नोकरीला लागून महिना झाला असेल नसेल. मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत जी बारीक पोकळ नळी सरकवत नेतात, तिला कॅथेटर म्हणतात, आणि पिशवीतल्या सलाईनने ती आतून सतत धुतली जाते. त्या दिवशी एका रुग्णाचं कॅथेटर बाहेर काढलं, तर त्याच्या टोकाला गांडुळाएवढी काळपट गाठ लोंबत होती. सरांनी ती पांढऱ्या गॉजवर ठेवून शालनला जवळ बोलावलं.

"ही बाहेर आली म्हणून दिसली," ते म्हणाले. "आत सुटली असती तर कुठं गेली असती?"

शालनला उत्तर ठाऊक होतं. त्या दिवशीची पिशवी घाईघाईत बिनहेपरिनची टांगली गेली होती, आणि ती तिनेच टांगली होती. सर रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित ती विसरून गेली असती. त्यानंतर मात्र तिच्या हातून बिनहेपरिनची पिशवी कधी गेली नाही.

नवं यंत्र आलं ते मे महिन्यात. कंपनीने त्याचं नाव लांबलचक ठेवलं होतं. लॅबमधल्या मंडळींनी आठवड्याभरात त्याला 'सूनबाई' करून टाकलं. नवी आलेली, कधी न दमणारी आणि घरातली बारीकसारीक गोष्ट वरपर्यंत कळवणारी, म्हणून सूनबाई.

सूनबाईचं काम एकच, पण अवघड होतं. हृदयाची लय बिघडलेल्या माणसावर उपचार करताना त्याचं रक्त गोठू द्यायचं नाही आणि फार पातळही होऊ द्यायचं नाही. निरोगी माणसाचं रक्त काढून गोठण्याच्या चाचणीत घातलं, तर ते दोनेक मिनिटांत गोठतं. उपचार चालू असताना हा वेळ पाच मिनिटांच्या वर ठेवावा लागतो. पूर्वी शालन दर वीस मिनिटांनी रक्त काढून घड्याळ लावून बघायची आणि डॉक्टर त्या आकड्यावरून हेपरिनचा डोस सांगायचे. सूनबाई दर अर्ध्या मिनिटाला नळीतून रक्ताचा एक थेंब मागे ओढायची, तो किती वेळात गोठेल ते काही सेकंदांतच ताडायची आणि लागेल तेवढं हेपरिन आपणच शिरेत सोडायची. एक थेंब तपासून झाला की दुसरा येण्याआधी ती आपली वाट सलाईनने धुऊन घ्यायची. म्हणून यंत्राच्या पाठीवर तांबड्या अक्षरांत सूचना होती: पिशवी फक्त साध्या सलाईनची, तिच्यात काहीही मिसळू नये. शिकवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरने, रेवणकरने, ती सूचना तीनदा वाचून दाखवली होती.

शालनने तीनही वेळा मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला लॅबमध्ये तिच्याशिवाय कुणी नव्हतं. साधी पिशवी हातात घेतल्यावर तिला ती गॉजवरची गाठ आठवली. यंत्र आज आहे, उद्या बंद पडेल, असं तिच्या मनात आलं. एवढ्याशा हेपरिनने कुणाचं वाईट होत नाही, झालं तर भलंच होईल. तिने नेहमीसारखी सुई खुपसली. सूनबाईने पिशवीवरचा शिक्का वाचला, 'साधं सलाईन' अशी नोंद केली आणि कामाला लागली. शालनच्या लेखी यात चोरी नव्हती आणि चूकही नव्हती. ती जरा जास्तीची काळजी होती. सांगण्यासारखं त्यात काय आहे, म्हणून तिने कुणाला सांगितलंही नाही.

या यंत्राचा आणखी एक गुण होता. ते शिकायचं. देशातल्या बासष्ट रुग्णालयांत अशी यंत्रं होती. कुणाला किती हेपरिन दिलं आणि पुढे काय झालं, याचा सगळ्यांचा अनुभव एका ठिकाणी गोळा व्हायचा, त्यातून कोणत्या आकड्याला किती हेपरिन सोडायचं याचा नवा तक्ता तयार व्हायचा आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या यंत्रांत एकदमच उतरायचा. ऑगस्टच्या एक तारखेला पहिला तक्ता उतरला तेव्हा मुख्य डॉक्टर नाईकनवरे यांनी पेढे वाटले. मिरजेत सर्वांत जास्त रुग्ण झाले होते आणि रक्तस्राव सर्वांत कमी. आपल्याकडच्या माणसांना पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा कमी हेपरिन पुरतं, असं सूनबाईने शोधून काढलंय, असं ते सगळ्यांना सांगत होते. शालननेही पेढा खाल्ला.

त्याच सुमारास समडोळीहून दादाचा फोन आला, की वहिनीचं छातीत फडफडणं वाढलंय.

शालन नऊ वर्षांची असताना आई गेली आणि त्याच वर्षी पद्मावहिनी घरात आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शालनला अपूर्णांक तिने भाकरीचे तुकडे करून शिकवले, पहिलं इंजेक्शन द्यायला शिकताना आपला दंड पुढे केला तोही तिनेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीतली पंधरा-वीस पोरं रोज संध्याकाळी तिच्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, पाटी घेऊन बसायची. दादा, म्हणजे बाहुबली मगदूम, साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होता. त्याचं म्हणणं, गोळ्यांवर भागतंय तर चालू दे. शालनने त्याला पटवलं. असं यंत्र आपल्या हाताशी असताना गोळ्यांवर कशाला दिवस काढायचे, मी स्वतः तिथं उभी असेन, असं तिने सांगितलं. दादा यंत्रांना मानणारा माणूस. तो तयार झाला.

वहिनी मात्र सगळं समजून घेतल्याशिवाय टेबलावर चढणारी नव्हती. रुग्णालयात दाखल व्हायच्या आदल्या रविवारी तिने शालनला समोर बसवलं आणि म्हणाली, दुसरीतल्या पोराला सांगतात तसं सांग.

शालनने सांगितलं. हृदयाला चार खोल्या असतात. वरच्या डाव्या खोलीत एक भटकी वीज शिरते आणि ठोक्यांचा ताल मोडते. मांडीच्या शिरेतून तार वर न्यायची, दोन खोल्यांमधला पातळ पडदा टोचून डावीकडे जायचं आणि वीज जिथून येते त्या तोंडाभोवती बारीक बारीक डाग द्यायचे. डागलेल्या जागेतून वीज जात नाही.

"मग भ्यायचं कशाला?"

"रक्ताला," शालन म्हणाली. "आपलं कोण आणि परकं कोण, एवढंच त्याला कळतं. परकी तार लागली की ते गोठायला बघतं. त्यातून डाग दिलेला. भाजलं की खपली धरते ना, तशी आतही धरते. आणि एकदा सुरुवात झाली की थांबत नाही. दुधाला विरजण लावल्यासारखं. थेंबभर पडलं की पातेलंभर लागतं."

"म्हणजे माझ्या काळजात दही लागू द्यायचं नाही."

"सूनबाई देत नाही."

"आणि सूनबाईवर नजर कोण ठेवणार? सासू पाहिजे की घरात."

"मी आहे की सासू," शालन म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी वहिनीला टेबलावर घेतलं. शालनने सकाळी पिशवी तयार केली. त्या दिवशी तिने हेपरिन रोजच्यापेक्षा किंचित जास्तच घातलं.

सगळं सुरळीत झालं. डॉक्टर नाईकनवऱ्यांचा हात हलका होता. पडदा टोचला, डाग दिले, दीड तासात हृदयाची लय घड्याळासारखी लागली. मॉनिटरच्या कोपऱ्यात सूनबाईचे आकडे हिरवे होते. रक्त छान पातळ आहे, असं ती सांगत होती आणि जेमतेम थेंब थेंब हेपरिन सोडत होती. शालनची नजर एकदा त्या एकूण आकड्यावर गेली. जुन्या दिवसांत एवढ्या वेळात याच्या तिप्पट गेलं असतं. क्षणभर तिला चुकल्यासारखं वाटलं. मग तिने पिशवीकडे बघितलं आणि तिचं मन निवांत झालं. पिशवीत आपण घातलेलं आहेच.

दुपारी चारला वहिनी पुरती शुद्धीवर आली. ओठ सुकले होते. शालन जवळच बसली होती. वहिनी तिच्याकडे बघून म्हणाली, "खडू."

शालनला वाटलं, भुलीची गुंगी असेल. तिने पाणी हवं का असं विचारलं. वहिनीने मान हलवली, हो, तेच, आणि परत म्हणाली, "खडू दे." पेला घ्यायला तिने उजवा हात उचलायला घेतला तो उचललाच नाही. ती त्या हाताकडे असं बघत राहिली, जणू तो कुणी तिच्या अंथरुणात आणून ठेवला होता.

पुढचे दोन तास धावपळीत गेले. मेंदूच्या मोठ्या शिरेतली गाठ दुसऱ्या तारेने काढली गेली. जीव वाचला. पण मेंदूचा शब्दांचा भाग आणि उजव्या हाताचा भाग तोवर विझला होता. एमआरआयच्या पडद्यावर एक मोठा पांढरा डाग होता आणि इकडेतिकडे बारीक ठिपके. शालनने मोजले. अकरा होते. हे ठिपके पुष्कळदा कुणाला कळतही नाहीत, माणूस ठणठणीत घरी जातो, एवढंच डॉक्टर म्हणाले.

चौकशी झाली. सूनबाईने अर्ध्या अर्ध्या मिनिटाची नोंद काढून दाखवली. एकही आकडा वावगा नव्हता. शंभरात एखाद्या रुग्णाला असं होतंच, कितीही काळजी घेतली तरी, आणि तो एखादा आकडेवारीत बसतो. वहिनीच्या रक्तातच काही वेगळं असावं, असा निष्कर्ष निघाला. दादाने तो ऐकून घेतला. उलट त्यानेच शालनच्या पाठीवर हात ठेवला आणि तू होतीस म्हणून निदान जीव तरी राहिला, असं म्हणाला. ते ऐकून शालन त्या दिवशी रडली.

तिने रजा टाकली आणि समडोळीला राहायला गेली. वहिनीच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून जायची. दिवसातून तीनदा शालन तो हात ओंजळीत घेऊन एकेक बोट उलगडायची. वहिनीला सगळं समजायचं. फक्त शब्द सापडायचे नाहीत, आणि सापडला तर भलताच सापडायचा. एका संध्याकाळी पोरं पाटी घेऊन आली. वहिनीने एकीच्या पाटीवरच्या सातच्या आकड्यावर डावं बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि कितीतरी वेळ तशीच थांबली. पोरं वाट बघत राहिली. ती शहाणी पोरं होती, कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दादाने त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. दिवाळी आली आणि दारात एक पणती ठेवून निघून गेली.

दिवाळीच्याच दिवशी डॉक्टर नाईकनवऱ्यांचा फोन आला. वहिनीची चौकशी करून झाल्यावर ते सहज बोलले, "मॅडम, तुम्ही रजेवर गेल्यापासून सूनबाईचा हात सुटलाय. आता पहिल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट हेपरिन देतेय. माणसं तीच, यंत्र तेच. तुम्ही नसल्याचं तिला कळतं की काय?"

शालन हसली. फोन ठेवल्यावर ती अंगणात तशीच उभी राहिली. रजेच्या दिवसांत पिशवी तिच्या जागी आलेली नवी मुलगी टांगत होती. त्या मुलीने तांबडी सूचना वाचली होती आणि वाचलं तसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. कॅथलॅब बंद. सकाळी आठला मिरजेला येऊन शालनने कुलूप काढलं, सूनबाईला चाचणीच्या कामावर लावलं आणि स्वतःच्या दंडातून रक्त काढलं. आधी साध्या सलाईनची पिशवी लावली. आकडा आला, एकशे चोवीस सेकंद. बरोबर होतं, ती धडधाकट बाई होती. मग तिने पिशवी बदलली. रबरी बुचात सुई खुपसली, मोजून हेपरिन सोडलं, दोनदा उलटीपालटी केली आणि पिशवी आकड्याला लावली. तेच रक्त, तोच दंड. या वेळी दोनशे एकोणतीस सेकंद.

ती स्टुलावर बसली. लॅबमध्ये एसीचा आवाज तेवढा होता.

सूनबाई आपली वाट ज्या पाण्याने धूत होती, त्यातच शालनने औषध कालवलं होतं. धुतलेल्या वाटेत ते चिकटून राहायचं आणि तपासायला आलेल्या एका थेंबात मिसळायचं. तेवढाच थेंब पातळ व्हायचा. शरीरातलं रक्त होतं तसंच घट्ट. सूनबाई त्या थेंबावर विश्वास ठेवायची आणि हात आखडता घ्यायची. पिशवीतलं हेपरिन माणसापर्यंत पोचायचं ते नावापुरतं. पोचायचा तो चुकीचा आकडा. आणि वहिनीच्या दिवशी तिने मायेने किंचित जास्त घातलं होतं.

मे ते ऑक्टोबर, एकशे सेहेचाळीस माणसं झाली होती. त्यातली एकशे पंचेचाळीस आपल्या पायांनी घरी गेली होती. त्यांच्या डोक्यात किती ठिपके असतील ते कुणी बघितलेलं नव्हतं. कुणाला नातवाचं नाव आठवत नसेल, कुणी चहात दोनदा साखर घालत असेल, आणि घरचे वय झालं म्हणत असतील. सूनबाईच्या वहीत ती सगळी 'उत्तम' होती. कमी हेपरिन दिलं, काही झालं नाही, रक्तस्रावही टळला, असा धडा तिने त्यांच्यावरून घेतला होता. येत्या शुक्रवारी, एक नोव्हेंबरला दुपारी बाराला, तो धडा आणखी पक्का होऊन बासष्ट रुग्णालयांत उतरणार होता. तिथं पिशव्या साध्याच होत्या. तिथं आकडे खरे असणार होते आणि तक्ता खोटा.

सोमवारी शालन कामावर रुजू झाली आणि तिने साधी पिशवी टांगली. कुणाला काही कळलं नाही. सोमवारी ती बोलली नाही. मंगळवारी बोलली नाही. बुधवारी डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. संध्याकाळी सहाच्या एसटीने समडोळीला जायचं, वहिनीचा हात उलगडायचा, दादा ताट वाढायचा ते जेवायचं. आपल्या माणसांत तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच घर. तिने लग्न केलं नव्हतं. ही दोघंच. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल, यापेक्षा दादाचा पाठीवरचा हात जाईल, हे तिला पेलत नव्हतं. गप्प राहिलं तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. यंत्राची नोंद तिच्या बाजूने साक्ष देत होती.

गुरुवारी सकाळी पहिला रुग्ण आला. साठीतला, जतकडचा मेंढपाळ. मांडी औषधाने पुसून घेताना त्याने विचारलं, बाई, याने डोक्याला काही होत नाही ना? आमच्या शेजारचा इथनंच बरा होऊन गेला, पण आता स्वतःची मेंढरं त्याला ओळखू येत नाहीत. शालनने त्या शेजाऱ्याचं नाव विचारलं. जुलैमधला होता. नळी काढल्यावर रक्त थांबेपर्यंत त्याच्या मांडीवर तिनेच दाबून धरलं होतं.

मेंढपाळाचं काम साध्या पिशवीवर नीट उरकलं आणि शालन डॉक्टर नाईकनवऱ्यांच्या खोलीत गेली. बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रविवारचे दोन आकडे टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे ताडून बघितले. मग त्यांनी विचारलं, का? तिने इनामदार सरांचं नाव घेतलं नाही. भीती वाटायची, एवढंच म्हणाली. ते उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सावरलेला होता. उद्याच्या तक्त्यातून आपले आकडे काढून घेऊ, ते म्हणाले, तांत्रिक कारण लिहू. त्या एकशे पंचेचाळीस जणांना बोलावून काय साधणार? विझलेलं परत पेटत नाही. उगाच घाबरतील.

"ऑगस्टचा तक्ता?" शालनने विचारलं.

डॉक्टरांना ते सुचलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. ज्या तक्त्यावर त्यांनी पेढे वाटले होते, त्यात तिच्या अडीच महिन्यांच्या पिशव्या होत्याच. तो तक्ता तीन महिने बासष्ट ठिकाणी चालू होता.

त्यांनी रेवणकरला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. रेवणकरने ऐकून घेतलं. आकडे मागे घेता येतात, ऑगस्टचा तक्ताही रद्द करता येतो, तो म्हणाला, पण कारण खरं लिहावं लागेल आणि ते रुग्णालयाच्या नावासकट सगळीकडे जाईल. त्याशिवाय कुणी यंत्र थांबवणार नाही. ऑगस्टपासून बासष्ट ठिकाणी किती माणसं झाली, असं डॉक्टरांनी विचारलं. पलीकडे कळफलक वाजला.

"चार हजारांच्या पुढे आहेत, सर," रेवणकर म्हणाला.

मग डॉक्टरांनी कोरा कागद शालनपुढे सरकवला. तिने लिहिलं. तिचं अक्षर वहिनीने वळवलेलं, गोल आणि सुटं होतं, त्यामुळे वाचायला कुठंच अडचण येणार नव्हती. खाली तिने सही केली, त्याखाली डॉक्टरांनी केली. दुपारी दोनला बासष्ट यंत्रं थांबली. साडेतीनला शालनच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. एकशे पंचेचाळीस जणांना बोलावण्याची यादी डॉक्टर स्वतः करत बसले होते. ती निघाली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

समडोळीला ती नेहमीच्याच एसटीने पोचली. दादा सोप्यात होता. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. शालन तिच्याजवळ बसली, सवयीने तिचा उजवा हात ओंजळीत घेतला आणि बोलायला लागली. दुसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी तिलाच सांगायचं होतं. तिने दुसरीतल्या पोराला सांगतात तसं सांगितलं, काही गाळलं नाही. वहिनीच्या दिवशी जास्त घातलं होतं तेही नाही.

दादाने मधे एकदाच विचारलं, "यंत्रावर पाटी होती लिहिलेली?"

"होती."

"तू वाचली होतीस?"

"तीनदा वाचून दाखवली होती."

"तीस वर्षं बॉयलरवर काढली मी," तो म्हणाला. "दाबाचं गेज बिघडलं तर माणसाला कळतं. आवाजावरून कळतं, वासावरून कळतं. पण चांगल्या गेजलाच कुणी खोटं दाखवत बसलं तर कशावरून कळावं? आणि ते घरचंच माणूस असलं तर?"

शालनने वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती शालनच्या तोंडाकडे एकटक बघत होती, चुकलेलं गणित बघायची तशी. तिने ओठ उघडले. शब्द शोधला. तो आला नाही. मग तिने डाव्या हाताने आपल्याच उजव्या हाताचं मनगट धरलं, तो हात शालनच्या ओंजळीतून उचलला आणि आपल्या मांडीवर नेऊन ठेवला.

सोप्यात अंधारून आलं होतं. दादाने उठून दिवा लावला.

"व्यायाम उद्यापासून मी करून घेईन," तो म्हणाला. "कसा करायचा तेवढं दाखवून जा."

शालनने वहिनीच्या हाताकडे हात नेला.

"तिचा नको," दादा म्हणाला. तो समोर येऊन बसला आणि स्वतःचा हात पुढे करून मूठ घट्ट मिटली. "ह्याच्यावर दाखव."

बॉयलरच्या कामाने राठ झालेली ती मूठ तिने दोन्ही हातांत घेतली. आधी अंगठा बाजूला घ्यायचा, तिने सांगितलं. ओढायचा नाही, आपणहून सैल होईपर्यंत थांबायचं. मग पहिलं बोट.

"किती वेळ थांबायचं?"

"सैल होईपर्यंत."

दादाने मान हलवली. तिने त्याचं पहिलं बोट उलगडलं आणि दुसऱ्याकडे वळली.